विमानातलं तेल काढायचं, पण स्क्रू अडकला तर? – विजेवर चालणारे ॲक्चुएटर

गिअरबॉक्स (धागाकर्ता)

१९ जुलै १९८९. युनायटेडचं २३२ क्रमांकाचं उड्डाण डेन्व्हरहून शिकागोला निघालं होतं. विमान डीसी-१०. शेपटीतल्या इंजिनाच्या पंख्याची चकती हवेतच फुटली आणि तिच्या तुकड्यांनी शेपटीत जवळजवळ असलेल्या तिन्ही हायड्रॉलिक प्रणालींच्या (दाबाखालच्या तेलाने पंखाचे आणि शेपटीचे भाग हलवणाऱ्या) नळ्या कापल्या. तेल वाहून गेलं. वैमानिकाच्या हातातली दांडी हलत होती, पण पंखावरचं आणि शेपटीवरचं काहीच हलत नव्हतं. कॅप्टन ॲल हेन्स आणि त्यांच्या साथीदारांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. विमानात २९६ जण होते, त्यांतले ११२ गेले.

त्याआधी १२ ऑगस्ट १९८५ ला जपान एअरलाइन्सच्या १२३ क्रमांकाच्या बोइंग ७४७ मध्ये केबिनमधला हवेचा दाब अडवणारा मागचा पडदा फाटला. उभं शेपूट उडालं आणि चारही हायड्रॉलिक प्रणाली एकदम गेल्या. ५२० माणसं मेली, चार वाचली.

एकात तीन प्रणाली, दुसऱ्यात चार. कागदावर हिशेब चोख होता. पण सगळ्या नळ्या एकाच अरुंद जागेतून जात होत्या, आणि तेलाच्या प्रणालीला एका जागी भोक पडलं की सगळी प्रणाली रिकामी होते. वायर तुटली तर ती एक वायर जाते, बाकीच्या वायरींमधली वीज गळून जात नाही. शिवाय वायर पंखाच्या पुढच्या कडेने एक, मागच्या कडेने दुसरी अशी लांब लांब नेता येते. पंप, टाक्या, फिल्टर, नळ्या या सगळ्यांचं वजन वाचतं ते वेगळंच.

म्हणून गेली काही दशकं प्रयत्न चालू आहेत की ॲक्चुएटरपर्यंत, म्हणजे पंखावरचे आणि शेपटीवरचे भाग ढकलणाऱ्या यंत्रापर्यंत, तेलाऐवजी वीज न्यावी. इथे एक गल्लत नेहमी होते. फ्लाय-बाय-वायर म्हणजे फक्त हुकूम वायरीतून जातो, ताकद तेलाचीच असते. मी ताकदसुद्धा वायरीतून नेण्याबद्दल बोलतोय.

त्याचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे ॲक्चुएटरच्या पोटातच छोटा पंप, छोटी टाकी आणि मोटर बसवायची. बाहेरून फक्त वीज येते, आत थोडंसं तेल फिरत राहतं. याला ईएचए म्हणतात. एफ-३५ ची मुख्य नियंत्रणं यावरच चालतात. एअरबस ए३८० मध्ये दोन प्रणाली तेलाच्या आणि दोन विजेच्या, आणि विजेच्या बाजूला असेच ॲक्चुएटर आहेत. दुसरा रस्ता म्हणजे तेल पूर्ण काढून टाकायचं: मोटर, गिअर आणि बॉलस्क्रू (खाचेतल्या गोळ्यांवर फिरणारा स्क्रू). हा ईएमए.

दुसरा रस्ता जास्त साधा वाटतो. भाग कमी, गळती नाही. तरीही ए३८० चे डिझायनर पहिल्या रस्त्याने गेले, आणि ते घाबरट होते म्हणून नाही. तेलाचा सिलिंडर बिघडला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो, पिस्टन मोकळा होतो, आणि शेजारचा दुसरा ॲक्चुएटर एलेरॉनला (पंखाच्या मागच्या कडेवरच्या, विमान कलवणाऱ्या पट्टीला) बिघडलेल्या भावासकट हलवत राहतो. बॉलस्क्रूमधली एक गोळी फुटून खाचेत अडकली तर एलेरॉन त्या कोनात कुलूपबंद होतो. मग शेजारी कितीही धडधाकट ॲक्चुएटर असो, उपयोग शून्य.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे यंत्र किती वेळा बिघडतं हा प्रश्न दुसरा आहे. ते बिघडल्यावर कसं वागतं हा पहिला. दोष सोसणारा ईएमए बनवायचा तर सुरुवात मोटरपासून करू नये, अडकण्यापासून करावी. यावर काम केलेले किंवा वाचलेले लोक इथे असतील तर लिहा.

रानपाखरू

वाचनखूण साठवली. सोपं करून लिहिलंत, आभार. एक शंका आहे. एका एलेरॉनला दोन मोटरी लावल्या तर एक बंद पडली तरी दुसरी चालेलच ना?

गिअरबॉक्स

मोटर बंद पडली तर चालेल. मोटर अडकली तर नाही, आणि या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचा फरक आहे.

दोन मोटरी एकाच दांड्यावर बसवल्या तर त्यांचा जोर मिळून येतो. एकीची वीज गेली तर दुसरी तिला ओढत चालते. पण एका जुवाला दोन बैल असताना एक खाली बसला तर दुसऱ्यालाही गाडी पुढे नेता येत नाही, तसंच इथे. शिवाय दोघी ठणठणीत असल्या तरी एकीचा सेन्सर किंचित वेगळा कोन सांगत असेल तर त्या एकमेकींशी भांडत बसतात. हा जोर एलेरॉनला मिळत नाही, धातूला पीळ पडत राहतो आणि तिथे थकव्याची चीर सुरू होते. म्हणून दोघींचे प्रवाह सतत जुळवत राहावे लागतात.

दुसरी पद्धत डिफरन्शियल गिअरची. यात दोन मोटरींचा वेग मिळून येतो. एक अडकली तर तिच्या बाजूला ब्रेक लावायचा आणि दुसरी अर्ध्या वेगाने काम करते. मोटरीच्या बाजूचं अडकणं यात सोसलं जातं. पण डिफरन्शियलच्या पुढे स्क्रू एकच असेल तर तो अडकण्याचं काय, हे तसंच राहतं.

मग तिसरा उपाय: स्क्रू आणि एलेरॉन यांच्या मध्ये सुटका करणारी कळ. अडकलं की कळ दाबायची, तो ॲक्चुएटर वेगळा होतो आणि दुसरा काम घेतो. ऐकायला छान आहे. पण ही कळ चुकून सुटली आणि दुसरा ॲक्चुएटरही त्या वेळी कामात नसेल तर एलेरॉन पूर्ण मोकळा झाला. वेगात मोकळा एलेरॉन फडफडायला लागतो आणि ती फडफड काही क्षणांत पंख मोडू शकते. तेलाचा सिलिंडर बायपासमध्ये असतानाही बारीक छिद्रातून तेल ढकलतो, त्यामुळे ती फडफड आपोआप दबते. मोटरला ते काम वेगळं शिकवावं लागतं. आणि एक गोष्ट लोक विसरतात: ही कळ वर्षानुवर्षं वापरलीच जात नाही. गरज पडेल तेव्हा ती सुटेल कशावरून? म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी तिची चाचणी घेण्याची सोय डिझाइनमध्येच लागते, आणि त्या सोयीचे स्वतःचे बिघाड हिशेबात धरावे लागतात.

हँगरवाला

मी विमान देखभालीत आयुष्य काढलं आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. तेलाची बाजू घेतोय असं समजू नका. स्कायड्रॉल डोळ्यात गेलं की काय होतं ते ज्याच्या डोळ्यात गेलंय त्यालाच कळतं. फॉस्फेट एस्टर आहे ते, सहज पेट घेत नाही म्हणून वापरतात, पण कातडी आणि रंग दोन्ही खातं.

पण तेल आपला आजार दाखवतं. जांभळा थेंब खाली पडलेला दिसला की कळतं कुठलं सील गेलं. फिल्टरमध्ये धातूचा चुरा आला की कळतं पंप मरायला टेकलाय. मोटर आणि स्क्रू बाहेरून आज जसे दिसतात तसेच बिघडायच्या आदल्या दिवशीही दिसतात.

आणि धागाकर्त्यांना एक दुरुस्ती. तेलाचा ॲक्चुएटर अडकत नाही असं वाचून कोणाचा समज होऊ नये. ८ सप्टेंबर १९९४ ला यूएसएअर ४२७, बोइंग ७३७, पिट्सबर्गजवळ पडलं, १३२ जण गेले. रडरच्या (उभ्या शेपटीवरच्या हलत्या पट्टीच्या) तेलाला वाट देणाऱ्या सर्व्हो व्हॉल्व्हमधला भाग अडकला आणि रडर वैमानिकाने दिलेल्या हुकुमाच्या उलट दिशेला पूर्ण वळला. त्या विमानाच्या रडरला मुख्य ॲक्चुएटर एकच होता. नंतर सगळ्या ७३७ मध्ये ती रचना बदलावी लागली.

गिअरबॉक्स

हँगरवाला काका, तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. तेलाचं अडकणं व्हॉल्व्हमध्ये होतं, आणि बहुतेक ठिकाणी त्याच्यापलीकडे बायपासचा रस्ता असतो. ७३७ च्या रडरला तो रस्ता पुरेसा नव्हता. म्हणजे इथेही बिघडल्यावर वागणूक काय, हाच प्रश्न निर्णायक ठरला.

वाइंडिंग

मोटर डिझाइन हे माझं क्षेत्र, त्यामुळे त्या भागाबद्दल लिहिते. "मोटरपासून सुरुवात करू नये" याच्याशी मी पूर्ण सहमत नाही, कारण मोटरसुद्धा अडकू शकते, आणि तेही एकही भाग न तुटता.

आज बहुतेक सगळे कायम चुंबकाच्या मोटरी वापरतात, कारण तेवढ्या वजनात तेवढा जोर दुसरी देत नाही. पण चुंबक बंद करता येत नाही. वाइंडिंगमधले (मोटरीतल्या तारेच्या गुंडाळीतले) दोन वेढे एकमेकांना चिकटले आणि मोटर फिरत राहिली, तर चुंबक त्या वेढ्यांत प्रचंड प्रवाह निर्माण करतो. तिथे आग लागू शकते, आणि आग नाही लागली तरी मोटर ब्रेकसारखी वागते. वीज तोडून उपयोग नाही, कारण दुसरी मोटर किंवा हवेचा जोर तिला फिरवतच आहे.

यावरचं मूलभूत काम १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये न्यूकॅसल विद्यापीठात झालं. कल्पना अशी की प्रत्येक फेज (वाइंडिंगचा एकेक गट) वेगळा ठेवायचा: वेगळ्या दातावर, वेगळ्या खाचेत, वेगळ्या इन्व्हर्टर पुलावर (मोटरला वीज पुरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सवर). एका फेजची उष्णता किंवा चुंबकक्षेत्र शेजारच्याला लागता कामा नये. आणि फेजचं इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) मुद्दाम एवढं मोठं ठेवायचं की शॉर्ट झाला तरी प्रवाह नेहमीच्या प्रवाहाएवढाच राहील. दोन वेढे चिकटले असं कळलं की ड्राइव्ह तो संपूर्ण फेजच टोकाला शॉर्ट करतो. मग ते दोन वेढे एकटे जळत नाहीत, सगळं वाइंडिंग मिळून तो प्रवाह वाटून घेतं. दोष सोसण्यासाठी मुद्दाम शॉर्ट करायचं, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ त्याचाच विचार करत होते.

चार फेज असतील आणि एक गेला तर उरलेल्या तिघांना प्रत्येकी एक तृतीयांश जास्त ओढावं लागतं. म्हणजे मोटर सुरुवातीपासूनच तेवढी मोठी करावी लागते. सहा फेज घेतले तर एक पंचमांश. फेज वाढवले की ही भर कमी होते, पण इलेक्ट्रॉनिक्स वाढतं आणि बिघडण्याच्या जागाही वाढतात. रिलक्टन्स मोटर (रोटरवर चुंबक नसलेली) वापरली तर चुंबकाचा प्रश्नच मिटतो, पण ती जड होते आणि तिचा जोर लहरींनी येतो.

खरी डोकेदुखी उष्णतेची आहे. एलेरॉन एका कोनात धरून ठेवायचा असेल तर मोटर फिरत नाही पण पूर्ण प्रवाह खाते. काम शून्य, उष्णता भरपूर. तेलाच्या प्रणालीत फिरतं तेल ती उष्णता घेऊन जातं. पंखाच्या पातळ टोकात बंद असलेल्या मोटरला असं कोणी वाली नाही, आणि आता पंख कार्बन फायबरचे होताहेत, जे धातूइतकी उष्णता वाहूनही नेत नाहीत.

रानपाखरू

ताई, व्होल्टेज वाढवलं तर प्रवाह कमी लागेल ना? मग उष्णताही कमी.

वाइंडिंग

वायरीतली होईल. मोटरीतली नाही. जास्त व्होल्टेजसाठी जास्त वेढे आणि बारीक तार घ्यावी लागते, त्याच जोराला तांब्यातली उष्णता तेवढीच राहते. आणि उंचीवर व्होल्टेजला वेगळी भीती आहे. हवा विरळ झाली की ठिणगी कमी व्होल्टेजला पडते. हवेसाठी याची किमान मर्यादा सुमारे ३२७ व्होल्ट आहे. त्याच्या खाली राहिलात तर दाब आणि अंतर काहीही असो, हवेतून ठिणगी पडणार नाही. लष्करी विमानांतली २७० व्होल्ट डीसीची पद्धत या मर्यादेच्या आत बसते. त्याहून वर जायचं तर इन्सुलेशनचा विचार मुळापासून करावा लागतो.

श्रीहरी

रॉकेटची बाजू कोणीच घेतली नाही म्हणून लिहितो. तिथे हा बदल विमानांपेक्षा कितीतरी पुढे गेलाय.

स्पेस शटलची हायड्रॉलिक प्रणाली चालवायला हायड्राझिन इंधनावरच्या तीन छोट्या टर्बाइन होत्या. हायड्राझिन विषारी आणि ज्वलनशील. डिसेंबर १९८३ मध्ये एसटीएस-९ उतरत असताना त्यांतल्या दोन टर्बाइनांना गळतीमुळे आग लागली. शटल सुखरूप उतरलं. बोइंगचं एक्स-३७बी हे छोटं अवकाशविमान मात्र तेलाशिवायच बनवलं. त्याची नियंत्रणं आणि ब्रेक दोन्ही विजेवर. ते एप्रिल २०१० मध्ये पहिल्यांदा गेलं.

युरोपचं वेगा रॉकेट २०१२ ते २०२४ या काळात सगळ्या टप्प्यांचे नोझल (जळालेला वायू बाहेर सोडणारं इंजिनाचं तोंड) ईएमएनेच वळवत होतं. स्पेसएक्सच्या फाल्कन ९ ने जानेवारी २०१५ मध्ये तरंगत्या तराफ्यावर उतरण्याचा पहिला प्रयत्न केला तेव्हा जाळीच्या पंखांचं हायड्रॉलिक तेल अगदी शेवटी संपलं आणि बूस्टर आपटला. तेल वापरून बाहेर सोडणारी उघडी प्रणाली होती ती. त्यांच्याच सुपर हेवीची इंजिनं २० एप्रिल २०२३ च्या पहिल्या उड्डाणात तेलावर वळत होती, १८ नोव्हेंबर २०२३ च्या दुसऱ्या उड्डाणात विजेवर. इतकं मोठं यंत्र आणि सात महिन्यांत बदल.

आपल्या इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या एस२०० बूस्टरांची मूळ रचना तेलावरचीच. नायट्रोजनच्या दाबाने साठवलेलं तेल ढकलायचं, पंप नाही. दोन मिनिटांच्या आसपास जळणाऱ्या बूस्टरला ते पुरतं, आणि मला ती रचना आवडते. जिथे नेमकं तेवढंच लागतं तिथे तेवढंच दिलंय.

गिअरबॉक्स

श्रीहरी, फार चांगली भर. रॉकेटला हे लवकर जमलं याचं कारण तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. एकदाच वापरायच्या टप्प्याचा ॲक्चुएटर काही मिनिटं चालतो. गोळ्या झिजून खाच खरवडली जायला वेळच मिळत नाही. प्रवासी विमानाचा ॲक्चुएटर हजारो तास, उणे ५० अंशांपासून तापलेल्या धावपट्टीपर्यंत, रोज. आणि जीव घेणारा बिघाड एका उड्डाणतासाला एक अब्जांशापेक्षा कमी शक्य असला पाहिजे ही अट.

रॉकेटचाही एक खास त्रास आहे. इंजिन पेटताना नोझलमध्ये प्रवाह एकसारखा भरत नाही, त्यामुळे बाजूने जबरदस्त धक्का बसतो. तेलाचा सिलिंडर दाब वाढला की व्हॉल्व्ह उघडून थोडा सरकतो. ईएमए सरकत नाही, कारण मोटरच्या रोटरचं जडत्व नोझलला गिअर गुणोत्तराच्या वर्गाइतकं मोठं होऊन जाणवतं. गुणोत्तर १०० असेल तर दहा हजार पट. सगळा धक्का स्क्रूच्या दातांवर येतो. म्हणून एक तर स्क्रू जाड करा, नाही तर मोटरला धक्क्याच्या क्षणी माघार घ्यायला शिकवा.

हँगरवाला

वेगा रॉकेटचं कौतुक झालं, तर त्याचं १७ नोव्हेंबर २०२० चं फसलेलं उड्डाण पण लिहा. चौथ्या टप्प्याच्या ॲक्चुएटरच्या केबली उलटसुलट जोडल्या गेल्या होत्या. हुकूम एकीकडे, नोझल दुसरीकडे. स्पेनचा आणि फ्रान्सचा असे दोन उपग्रह गेले. मोटर चांगली, स्क्रू चांगला, सॉफ्टवेअर चांगलं. दोन कनेक्टर एकमेकांच्या जागी बसत असतील तर कधीतरी कोणीतरी ते तसे बसवणारच. जोडणाऱ्याला दोष देऊन हे थांबत नाही, कनेक्टरचा आकार बदलून थांबतं.

आणि स्क्रूबद्दल माझ्या मनात कायम राहिलेला अपघात ३१ जानेवारी २००० चा, अलास्का एअरलाइन्स २६१. एमडी-८३ च्या आडव्या शेपटीचा कोन बदलणारा जॅकस्क्रू. त्याला फिरवायला दोन विजेच्या मोटरी होत्या, एक मुख्य, एक पर्यायी. नट मात्र एकच. त्या नटला वंगण नीट मिळालं नाही, आटे झिजून सोलले गेले. ८८ माणसं गेली. दोन मोटरींचा काय उपयोग झाला?

गिअरबॉक्स

काही नाही झाला. या धाग्यात मला जे सांगायचं होतं ते तुमच्या या उदाहरणाने माझ्यापेक्षा नीट सांगितलं. मोटर, इन्व्हर्टर, सेन्सर सगळं दोन-दोन, चार-चार करता येतं, आणि शेवटी सगळा भार एका नटवर येऊन ठेपतो.

कोथरूडकर

मग प्रवासी विमानात ईएमए आज नेमके कुठे आहेत? की सगळं प्रयोगशाळेतच?

गिअरबॉक्स

आहेत, आणि जागा बघितल्या की डिझायनरचा विचार कळतो. बोइंग ७८७ मध्ये चाकांचे ब्रेक विजेवर आहेत. काही स्पॉयलर (पंखावर उभ्या राहून हवा अडवणाऱ्या पट्ट्या) विजेवर आहेत, आणि आडव्या शेपटीचा कोनही. स्पॉयलर पंखावर अनेक असतात. एक अडकला तर विमान थोडं एका बाजूला ओढेल, वैमानिक सांभाळेल. एका चाकाचा ब्रेक गेला तर बाकीची चाकं आहेत. आडवी शेपटी मुळातच हळू हलते, ती आहे तिथे थांबली तर एलिव्हेटरने (तिच्या मागच्या, विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या पट्टीने) सांभाळता येतं. तिथे स्क्रू अडकणं चालतं, सुटणं चालत नाही. म्हणून अशा स्क्रूला आतून दुसरा भार घेणारा दांडा देतात. पण त्याच विमानाचे मुख्य एलेरॉन, एलिव्हेटर, रडर मात्र ५००० पीएसआय दाबाच्या तेलावर आहेत.

मुख्य एलेरॉनवर ईएमए उडवून बघितला नाही असं नाही. नासाच्या ड्रायडन केंद्रात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एका एफ-१८ चा डावा एलेरॉन आधी ईएचएवर आणि मग ईएमएवर उडवला. उडण्यापुरतं ते जमलं होतं. सिद्ध करायचं राहतं ते हजारो तासांनंतरचं वागणं.

रानपाखरू

माझ्या भाच्याचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे, यावर प्रोजेक्ट करायचं म्हणतो. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये होण्यासारखं काही सुचवाल?

वाइंडिंग

हँगरवाला म्हणाले की मोटर आजार दाखवत नाही. ती दाखवते, पण प्रवाहात. एक साधा बॉलस्क्रू, सर्व्हो मोटर आणि प्रवाह मोजण्याची सोय एवढं घ्यायला सांगा. ठराविक वेगाने स्क्रू पुढेमागे चालवायचा आणि जागेनुसार प्रवाहाचा आलेख काढायचा. मग एका गोळीवर मुद्दाम खरवड करून पुन्हा. नंतर ग्रीस बदलून, नंतर फ्रीजमधून गार करून. त्याला दिसेल की गार ग्रीसनेसुद्धा प्रवाह वाढतो. मग प्रश्न उरतो तो हा: वाढलेला प्रवाह थंडीमुळे की खरवडीमुळे, हे त्याच्या प्रोग्रॅमला ओळखता येतं का? थंडी सगळ्या मार्गावर सारखी वाढ देईल, खरवड ठराविक अंतराने टोचेल. तिथून सुरुवात करू दे.

हँगरवाला

आणि ग्रीस पूर्ण काढूनही एकदा चालवायला सांगा, हात लांब ठेवून. आलेख आले की इथे टाका, मला बघायचे आहेत.